जुन्या क्लबचं सभासदत्व: अर्ज, खर्च आणि ओळखींचा खरा उपयोग

अंबडकर

नाशिकला अंबड एमआयडीसीत प्रिसिजन पार्ट्सचं युनिट आहे. प्रायव्हेट लिमिटेड, दोन संचालक. मुंबईतल्या शंभरी ओलांडलेल्या एका क्लबचे एक सभासद माझ्या अर्जावर सूचक म्हणून सही करायला तयार आहेत. कंपनीच्या कोट्यातून घेतलं तर प्रवेश फी बरीच जास्त आहे. वैयक्तिक अर्जाला किती वर्षं लागतील, हे कुणीच धड सांगत नाही.

जाणकारांकडून हवंय ते असं. अर्ज दिल्यापासून कार्ड हातात पडेपर्यंत काय काय होतं आणि अर्ज अडकतो कुठे? कंपनीच्या नावावर घ्यावं की स्वतःच्या? फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं का, म्हणजे तो कर कंपनीच्या देय करातून वजा होतो का? आणि मुख्य म्हणजे, तिथे मोठ्या कंपन्यांचे संचालक, सचिव, आमदार-खासदार यांची ऊठबस असते म्हणतात. त्या ओळखींचा लहान उद्योजकाला काही उपयोग होतो का?

सूचना_फलक

अर्जाचं सांगतो, कारण लोक सगळ्यात जास्त तिथेच चुकतात.

बऱ्याच जुन्या क्लबांत फॉर्म उमेदवाराला मिळतच नाही. सूचक सभासदाने कार्यालयात मागायचा, त्यावर क्रमांक पडतो आणि तो त्याच्या नावावर नोंदला जातो. सूचक आणि अनुमोदक दोघांनाही सभासद होऊन ठरावीक वर्षं झालेली लागतात. वर्षभरात एकाने किती अर्जांवर सही करायची यालाही बहुतेक ठिकाणी मर्यादा असते, आणि कार्यकारिणीवर बसलेल्याला सही करता येत नाही. तुमच्या सूचकांनी या वर्षी आणखी कुणासाठी सही केली आहे का, हे आत्ताच विचारून घ्या. मर्यादा संपली असेल तर फॉर्म कार्यालयातूनच परत येतो.

मग तो फोटोसकट सूचना फलकावर लागतो. नाव, व्यवसाय, पत्ता, सूचक, अनुमोदक, आणि खाली पाठिंब्याच्या सह्यांसाठी मोकळ्या ओळी. जितके दिवस तो फलकावर असतो, तितके दिवस कुणीही सभासद बंद लिफाफ्यात चिटणीसांकडे हरकत देऊ शकतो. हरकत कुणाची, कशासाठी, हे उमेदवाराला कळत नाही. खरी चाळणी ही आहे, मुलाखत नव्हे. मुलाखत म्हणजे कार्यकारिणीतल्या काही जणांबरोबर चहा, बहुतेक वेळा जोडीदारासह.

खालच्या मोकळ्या ओळींकडे नीट लक्ष द्या. आठ सह्या आहेत आणि आठही एकाच धंद्यातल्या किंवा एकाच कंपूतल्या लोकांच्या, तर ते वजन नव्हे, ओझं होतं. एक टेनिसवाला, एक ब्रिजच्या टेबलावरचा, एक जुना निवृत्त सभासद अशा वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या चार सह्या जास्त कामाच्या.

शेवटी मतदान. जुनी मतपेटी लाकडाची असते. समोर हात जाईल एवढं गोल भोक, आत दोन कप्पे, एक होकाराचा आणि एक नकाराचा. गोटी घेतलेली मूठ आत गेली की ती कुठल्या बाजूला वळली हे शेजारी उभ्या माणसालाही दिसत नाही, फक्त गोटी लाकडावर पडल्याचा आवाज येतो. आता बऱ्याच ठिकाणी चिठ्ठ्या वापरतात, पण हिशोब तोच. नियम सहात एक असा असेल आणि बारा जण मत देत असतील, तर दोन नकारांवर अर्ज पडतो, मग बाकीचे दहा कितीही अनुकूल असोत. पडलेल्या उमेदवाराला पुन्हा अर्ज करायला काही वर्षं थांबावं लागतं, काही ठिकाणी कायमचीच बंदी. म्हणून अनुभवी सूचक वारा ओळखतो आणि मतदानाआधी अर्ज मागे घेतो. मागे घेतलेला अर्ज पुन्हा देता येतो. त्यांनी तसं सुचवलं तर अपमान मानू नका.

अर्ज अडकण्याची नेहमीची कारणं: सूचकाचं स्वतःचं बिल थकलेलं असतं, सूचक दुसऱ्या शहरात जातो किंवा वारतो आणि नवा सूचक वेळेत दिला जात नाही, उमेदवार स्वतःच कार्यकारिणीच्या सदस्यांना फोन करायला लागतो. हे तिसरं सर्वांत घातक. शब्द टाकायचा तो सूचकाने. सही करणं म्हणजे जामीन राहणं आहे. पुढे तुमचं बिल थकलं किंवा तुमच्या पाहुण्याने गोंधळ घातला, तर खाली मान घालावी लागते ती त्यांना.

ही यंत्रणा मुळात लोकांना बाहेर ठेवायलाच बनली होती. १८३३ चा भायखळा क्लब युरोपियनांचा. कलकत्त्यात बेंगॉल क्लबने उद्योगपती राजेंद्रनाथ मुखर्जींना व्हाइसरॉयचे पाहुणे असूनही आत घेतलं नाही, त्यातून १९०७ मध्ये कलकत्ता क्लब उभा राहिला. आपल्याकडे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने भारतीय आणि युरोपियन दोघांसाठी विलिंग्डन क्लब निघाला. वंशाची अट गेली, पण पेटी तीच राहिली. उमेदवाराला कारण न सांगण्याची ही पद्धत मला अजिबात पटत नाही, पण अर्ज करायचा तर ती धरूनच करावा लागतो.

प्रतीक्षा यादीबद्दल दिल्ली जिमखान्याचं प्रकरण वाचा. १९१३ चा क्लब, सफदरजंग रोडवर सुमारे २७ एकर जागा. अर्जदार दशकानुदशकं यादीत, त्यांचे आगाऊ पैसे क्लबकडे, आणि सभासदांच्या मुलांना मात्र आतली वाट. कंपनी कायद्याखाली केंद्र सरकार कंपनी न्यायाधिकरणात गेलं. निवडून आलेली कार्यकारिणी २०२१ मध्ये निलंबित होऊन प्रशासक आला आणि एप्रिल २०२२ च्या आदेशाने सरकारला आपले संचालक नेमता आले. म्हणून अर्जाबरोबर पैसे मागत असतील तर तीन गोष्टी लेखी विचारा: यादीतला क्रमांक किती, गेल्या वर्षी यादीतले किती जण घेतले, आणि अर्ज मागे घेतला तर किती रक्कम किती दिवसांत परत.

ताळेबंद

पैशांचं मी सांगतो.

जीएसटीचं क्रेडिट नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७(५) क्लबच्या सभासदत्वावरचं क्रेडिट स्पष्ट शब्दांत बंद करतं. कंपनीच्या नावावर बिल असलं, त्यावर तुमचा जीएसटी क्रमांक असला, तरी नाही. त्यामुळे १० लाख प्रवेश फी म्हणजे १८ टक्के धरून ११ लाख ८० हजार, आणि वरचे १ लाख ८० हजार थेट खर्च. बऱ्याच जणांचे अकाउंटंट हे क्रेडिट घेऊन मोकळे होतात आणि तपासणीत व्याजासकट परत भरतात.

‘क्लब आणि सभासद एकच, मग कर कसला’ हा युक्तिवाद तुम्हाला ऐकवला जाईल. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता क्लबच्या खटल्यात तो मान्य केला होता, पण ते जुन्या विक्रीकर आणि सेवाकराबद्दल. त्यानंतर २०२१ च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्यात क्लब आणि सभासद वेगळे धरणारं कलम ७(१)(एए) घातलं, तेही १ जुलै २०१७ पासून मागे जाऊन. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं आहे. तुमच्या बिलात मात्र कर लागूनच येईल, त्याप्रमाणे तरतूद ठेवा.

प्राप्तिकरात चित्र बरं आहे. कंपनीने धंद्यासाठी भरलेली क्लबची फी व्यवसाय खर्च म्हणून मान्य होते, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच म्हटलंय. पण कार्ड वापरणाऱ्या संचालकाने घरच्यांबरोबर जेवण केलं आणि बिल कंपनीने भरलं, तर ती रक्कम त्याच्या पगारात लाभ म्हणून धरली जाते. कंपनी सभासदत्वाची सुरुवातीची प्रवेश फी त्यात धरत नाहीत. कामाच्या भेटीचं बिल वेगळं काढायचं असेल तर तारीख, कोण भेटलं, विषय काय आणि खर्च किती, एवढी नोंद आणि कंपनीचा दाखला फाइलला लागतो. महिन्याच्या बिलामागे पेनने दोन ओळी लिहायची सवय लावा. वर्षाअखेरीला आठवून लिहिलेलं ओळखू येतं.

आता कंपनी की स्वतः. कंपनीच्या कोट्यात सभासद कंपनी असते, तुम्ही तिने नेमलेली व्यक्ती. मुदत ठरलेली असते, मतदानाचा हक्क सहसा नसतो, मुलांना पुढे वारसा मिळत नाही, नाव बदलायला वेगळी फी. वैयक्तिक सभासदत्वाला वेळ लागतो, पण ते तुमचं असतं आणि घरच्यांना त्यात जागा असते.

तुमच्याकडे दोन संचालक आहेत, म्हणून सांगतो. आधी संचालक मंडळाचा ठराव करा: कार्ड कुणाच्या नावे, किती वर्षांसाठी, खासगी बिल कोण भरणार, आणि एक जण बाहेर पडला तर काय. हे न लिहिल्याने भागीदार वेगळे होताना यंत्रांपेक्षा क्लबच्या कार्डावरून जास्त ताणाताणी होते, कारण कार्डावर नाव एकाचं आणि पैसे दोघांचे असतात.

एक साधा हिशोब करून पाहा. ११ लाख ८० हजार, मुदत दहा वर्षं धरली तर वर्षाला १ लाख १८ हजार. नाशिकहून महिन्यात दोन फेऱ्या म्हणजे वर्षाला २४. एका भेटीला ४,९०० रुपयांच्या वर, तेही वर्गणी, जेवण आणि कसाऱ्याचा घाट उतरून जाण्याचं डिझेल सोडून. बाहेरगावच्या सभासदांना कमी वर्गणी असते का, हे नक्की विचारा. जुन्या नियमावल्यांत त्या वर्गाला अजून ‘मोफसिल’ म्हणतात.

हद्द_ओळखा

ओळखींच्या प्रश्नाला सरळ उत्तर: ऑर्डर मिळवायला म्हणून क्लब घेऊ नका.

मोठ्या कंपनीचा खरेदी प्रमुख तिथे भेटेल, गप्पाही मारेल. पण त्याच्या कंपनीत पुरवठादार ठरतो तो पार्ट मंजुरी, ऑडिट आणि दर यांवर, आणि पुरवठादाराकडून पाहुणचार किती घ्यायचा याला त्याच्यावर लेखी मर्यादा असते. त्याचं बिल तुम्ही भरलंत तर तो अडचणीत येतो. जुन्या क्लबांत टेबलावर कागद काढायलाच मनाई असते. कॅटलॉग, कोटेशन, लॅपटॉप काही नाही. तिथे धंद्याचं बोलणं निघालंच तर ‘पुढच्या आठवड्यात ऑफिसला या’ इथे थांबतं, आणि थांबावं.

तिथून मिळते ती माहिती आणि पडताळणी. अमुक समूह नवा कारखाना कुठे टाकतोय, कुणाची देणी वेळेवर येत नाहीत, कुठल्या बँकेचा कोणता माणूस लघुउद्योगांची फाइल समजून घेतो. आणि उलट दिशेने, तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर ‘माणूस सरळ आहे’ असं सांगणारे चार जण. हे दोन वर्षांनी मिळतं, आठवड्यातल्या एकाच वारी, एकाच वेळी, त्याच टेनिस कोर्टवर किंवा त्याच पत्त्यांच्या टेबलावर दिसल्यावर. दोन महिन्यांतून एकदा जाऊन कोपऱ्यात जेवून येणाऱ्याला काही मिळत नाही.

राजकारणी आणि अधिकाऱ्यांबद्दल जास्त जपून. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचारनियमांत साधं जेवण किंवा वाटेत गाडीतून सोडणं हे भेट मानलेलं नाही. पण ज्याच्याशी कार्यालयीन संबंध आहे त्याच्याकडून महागडा किंवा वरचेवर पाहुणचार टाळायचा, हेही तिथेच लिहिलंय. तुमची फाइल ज्यांच्या टेबलावर आहे त्यांना पाहुणा म्हणून नेऊच नका. क्लबच्या पाहुण्यांच्या वहीत तारीख, वेळ, नाव आणि तुमची सही राहते, उद्या चौकशी झाली तर तो पुरावा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात देणाराही थेट गुन्हेगार आहे, आणि कंपनीवर वेगळी जबाबदारी येते. कुणा अधिकाऱ्याची फी किंवा बिल ‘आम्ही बघतो’ म्हणून भरणं हा त्या कायद्यातला अनुचित लाभच आहे.

दुसरा धोका कुणी सांगत नाही. सूचिबद्ध कंपनीचा माणूस बोलता बोलता तिमाही निकाल किंवा विलीनीकरणाबद्दल काही बोलून गेला, तर सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे ती माहिती जवळ असलेले तुम्हीही ‘आतले’ ठरता. ती उघड होईपर्यंत तो शेअर घ्यायचा नाही, विकायचा नाही, ती माहिती कुणाला सांगायचीही नाही.

आणि धोरण बदलायचं असेल तर क्लब ही जागाच नव्हे. १९९३ चा ‘बॉम्बे क्लब’ आठवा. नावात क्लब असला तरी ती इमारत नव्हती, तो उद्योगपतींचा गट होता आणि राहुल बजाज त्याचा सर्वांत ठळक आवाज. परदेशी कंपन्यांशी स्पर्धेत समान संधी हवी अशी त्यांची मागणी होती. अर्थमंत्र्यांपर्यंत पोचणं त्यांना अवघड नव्हतं, तरी उदारीकरण पुढे गेलंच. एवढ्या वजनदार माणसांची ही गत, तर वीजदर किंवा भूखंड हस्तांतराच्या तुमच्या प्रश्नाला संघटनेचं लेखी निवेदन हाच रस्ता. वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर काढलं ते याचसाठी. पुण्यात मराठा चेंबर १९३४ पासून तेच काम करतंय.

अंबडकर

खूपच उपयोगी. क्रेडिटचं माहीतच नव्हतं. अजून एक: महामार्गालगत नव्या क्लबचे एजंट येत आहेत. ‘पंचवीस वर्षांनी डिपॉझिट परत, मतदान वगैरे नाही, आजच कार्ड.’ आणि पोशाखाच्या नियमांचं काय? कुर्ता-पायजमा आणि कोल्हापुरी चालते का?

सूचना_फलक

हा वेगळाच प्राणी आहे. जुना क्लब सभासदांच्या मालकीचा असतो: नफा वाटायचा नसलेली कंपनी किंवा नोंदणीकृत संस्था, वार्षिक सभा, निवडणूक. एजंट विकतो तो मालकाचा क्लब. जागा कंपनीची, तुम्ही फक्त ग्राहक. तुमचं डिपॉझिट म्हणजे त्या कंपनीला दिलेलं बिनव्याजी, बिनतारण कर्ज. कंपनी दिवाळखोरीत गेली तर आधी तारण असलेली बँक, आणि तुम्ही फार मागे.

चेक देण्याआधी सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर जागा कुणाच्या नावे आहे ते पाहा, इतर हक्कात बँकेचा बोजा आहे का पाहा, कंपनीचे गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद कंपनी निबंधकांच्या संकेतस्थळावरून काढा. जागा भाडेपट्ट्याची असेल तर पट्टा कधी संपतो ते डिपॉझिटच्या मुदतीशी ताडून बघा. पट्टा बारा वर्षांचा आणि परतफेड पंचवीस वर्षांनी, तर तिथेच उत्तर मिळालं.

पट्ट्याचा प्रश्न जुन्या क्लबांनाही चुकलेला नाही. महालक्ष्मी रेसकोर्सचा करार २०१३ मध्ये संपला, आणि २०२४ मध्ये २११ पैकी १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे गेले, रेसकोर्स चालवणाऱ्या टर्फ क्लबकडे ९१ राहिले. मुंबईतल्या कित्येक जिमखान्यांच्या जमिनी अशाच सरकारी किंवा पालिकेच्या पट्ट्यावर आहेत. नूतनीकरणाचा खर्च पुढे सभासदांवरच येतो.

पोशाखाचं: नियमावलीतलं ‘राष्ट्रीय पोशाख’ हे कलम वाचा. बऱ्याच ठिकाणी कुर्ता-पायजमा चालतो, पण पायात बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल लागते. अंगठ्याची कोल्हापुरी तिथे चप्पल धरली जाते आणि दारातच अडवतात. मकबूल फिदा हुसेन अनवाणी म्हणून १९८८ मध्ये विलिंग्डनमध्ये अडवले गेले होते. तमिळनाडूत वेष्टी (तिथलं धोतर) नेसलेल्या न्यायमूर्तींना एका क्लबात प्रवेश नाकारला गेला, तेव्हा २०१४ मध्ये राज्याने असं अडवायला बंदी करणारा कायदाच केला. महाराष्ट्रात तसा कायदा नाही, त्यामुळे पाहुण्याला बोलावण्याआधी ‘पायात काय घालून याल’ हे विचारणं तुमचं काम आहे. पाहुणा दारातून परत गेला तर ती ओळख तिथेच संपते.

घटना_वाचा

एकच जोडतो. कार्ड मिळाल्यावर नियमावली पहिल्या पानापासून वाचा, विशेषतः थकबाकी आणि शिस्तभंगाची कलमं. बिल ठरावीक दिवसांत भरलं नाही तर नाव थकबाकीदारांच्या यादीत फलकावर लागतं, आणि त्यापुढे सभासदत्व आपोआप संपतं. ‘मेल आला नव्हता’ ही सबब चालत नाही.

काढून टाकलं तर कोर्ट किती धावून येतं, यावर १९६२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आजही दाखवतात. खटला बेळगावच्या लॉज व्हिक्टोरिया क्रमांक ३६३ या फ्रीमेसन लॉजचा होता. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: नियम हा सभासद आणि संस्था यांच्यातला करार आहे. नियम पाळले का, आरोप कळवला का, बाजू मांडायची संधी दिली का, आणि सचोटीने निर्णय घेतला का, एवढंच बघू. निर्णय बरोबर की चूक यात कोर्ट शिरत नाही. त्या सभासदाचं अपील फेटाळलं गेलं. तेव्हा नोटीस आली की मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या.

ताळेबंद

अंबडकर, तुमच्या हिशोबात बसणारा एक मार्ग राहिलाच. आधी नाशिक किंवा पुण्यातल्या एखाद्या जुन्या, सभासदांच्या मालकीच्या क्लबचं सभासदत्व बघा, ज्याचा मुंबईतल्या क्लबांशी परस्पर संलग्नतेचा करार आहे, म्हणजे एकाच्या सभासदाला दुसऱ्या क्लबात जाता येतं. संलग्नतेची यादी कार्यालयात मिळते, तीच आधी मागा, टेनिस कोर्ट नंतर बघा. मुंबईत राहणाऱ्याला मुंबईच्या क्लबात हा हक्क सहसा मिळत नाही, नाशिककराला मिळतो.

रोजच्या धंद्याच्या ओळखींसाठी सॅटर्डे क्लब ग्लोबल ट्रस्ट आहे. माधवराव भिडे यांनी २००० मध्ये मराठी उद्योजकांसाठी तो सुरू केला. तिथे जुन्या क्लबच्या उलट, व्यवसायाचं उघड बोलणं हाच बैठकीचा विषय असतो. पाहुणा म्हणून एका बैठकीला बसून या, जाताना तुमच्या मशीनची क्षमता, टॉलरन्स आणि महिन्याची मोकळी शिफ्ट एवढं एका कागदावर लिहून न्या. ‘आम्ही सगळं बनवतो’ म्हणणाऱ्याकडे कुणी काम पाठवत नाही.

संलग्न क्लबात जाताना मात्र नुसतं कार्ड दाखवून भागत नाही. आपल्या क्लबच्या चिटणीसांचं ओळखपत्र लागतं, त्यात सभासद क्रमांक, ‘थकबाकी नाही’ असा शेरा आणि भेटीच्या तारखा हव्यात. वर्षाला किती दिवस जाता येतं, पाहुणा नेता येतो का, आणि पैसे तिथेच भरायचे की बिल आपल्या क्लबकडे येतं, हे प्रत्येक करारात वेगळं असतं. पत्र निघायला दोन-तीन दिवस जातात. शुक्रवारची बैठक असेल तर सोमवारीच मागा.